पंचविसाने भाग न जाणारा पिकअप

मोठ्या वस्तूची सर्व मापे एकाच संख्येने भागून तिची लहान आवृत्ती तयार करणे, अशी प्रमाणबद्ध प्रतिकृतीची व्याख्या सामान्यतः केली जाते आणि आगगाडी, जहाज, विमान किंवा मोटार यांच्या बाबतीत ती कागदावर पुरेशीही वाटते. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला मात्र लवकरच असे आढळते, की लांबी, रुंदी आणि उंची यांना भाग जातो. परंतु रंगाच्या थराची जाडी, पत्र्याची कड, लाकडाचे तंतू, धूळ, उजेड आणि वजनाने येणारा झुकाव यांना तो जात नाही, किंवा गेला तरी येणारे उत्तर कोणत्याही साहित्यात उतरवता येत नाही. प्रतिकृतिकाराचे खरे कसब या न भागल्या जाणाऱ्या गोष्टींपाशी सुरू होते. पिकअप ट्रक, म्हणजे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन, हा या छंदातील अनेक विषयांपैकी एक असला, तरी प्रवासी मोटारीच्या प्रतिकृतीत झाकून जाणारे बहुतेक प्रश्न तो चव्हाट्यावर आणतो, कारण त्याचा अर्धाअधिक भाग आतून-बाहेरून उघडा असतो आणि तो मिरवण्यासाठी नव्हे तर राबण्यासाठी बनवलेला असतो.

पिकअपचा जन्म गरजेतून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शेतकरी व छोटे व्यावसायिक आपल्या मोटारीचा मागचा भाग काढून त्या जागी माल ठेवण्याची पेटी बसवून घेत असत. ही मागणी ओळखून फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी ‘मॉडेल टी’ची पोलादी हौदा जोडलेली आवृत्ती थेट कारखान्यातून विक्रीस आणली आणि तिची किंमत २८१ डॉलर ठेवली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हर्लेची १९४७ ते १९५५ या काळातील ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आणि फोर्डची १९४८ पासूनची ‘एफ’ मालिका यांनी या वाहनाला त्याचा ओळखीचा चेहरा दिला. या काळातील पिकअपमध्ये हौदा अरुंद असून तो मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बसे, चाकांवरची मडगार्डे हौद्याबाहेर स्वतंत्र उठून दिसत आणि केबिन व मागचे मडगार्ड यांच्यामध्ये पाय ठेवण्यासाठी पायरी असे. मडगार्ड, पायरी, हौद्याच्या बाजू, मागे उघडणारा फाळका हे सारे सुटे भाग बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे वाहनाची रचना बाहेरून वाचता येते, आणि सुटे भाग जोडूनच आकाराला येणाऱ्या प्रतिकृतीला हा विषय स्वभावतःच मानवतो.

प्लास्टिकच्या किटचा, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचा, उगम मोटारींच्या जाहिरातीत आहे. युद्धोत्तर काळात अमेरिकी मोटार कंपन्या नव्या गाड्यांचे हुबेहूब छोटे नमुने विक्रेत्यांमार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचवीत; असे नमुने पुरवण्यासाठी १९४८ साली डेट्रॉइट परिसरात ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ ही कंपनी निघाली, जिने नावातील धातू लवकरच सोडून प्लास्टिक स्वीकारले आणि जी पुढे एएमटी या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. १९५८ मध्ये याच कंपनीने ‘थ्री-इन-वन’ किट आणले, ज्यात एकाच पेटीतील भागांतून गाडी कारखान्यातून निघते तशी, मालकाच्या हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीसाठी बदललेली, अशा तीन रूपांत बांधता येई. या योजनेने छंदाला जे वळण दिले ते आजही टिकून आहे: बाजूला उरलेले भाग डब्यात साठतात आणि दुसऱ्या किटच्या उरलेल्या भागांशी त्यांची जोड लावली जाते, ज्याला या क्षेत्रात ‘किटबॅशिंग’ म्हणतात.

जाहिरातीचे नमुने १/२५ या प्रमाणात असत, म्हणून त्यांच्यापासून निघालेली किटही १/२५ राहिली. दुसरीकडे अर्धा इंच म्हणजे एक फूट हे फुटपट्टीला सोयीचे गणित धरणाऱ्यांनी १/२४ हे प्रमाण घेतले, जे मोनोग्राम या अमेरिकी कंपनीने आणि पुढे जपानी उत्पादकांनी चालवले. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. शेव्हर्ले ३१०० या अर्ध्या टनाच्या पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर ११६ इंच, म्हणजे सुमारे २,९४६ मिमी आहे. ते १/२५ मध्ये ११७.८ मिमी आणि १/२४ मध्ये १२२.८ मिमी होते, म्हणजे एका प्रमाणाची चासी दुसऱ्या प्रमाणाच्या केबिनखाली सरकवली तर चाक मडगार्डच्या मध्यापासून तब्बल पाच मिमी ढळते. स्टिअरिंग, आसन, इंजिन असे लहान भाग मात्र खुशाल एकमेकांत वापरले जातात, कारण चार टक्क्यांचा फरक तेथे डोळ्याला जाणवत नाही. लष्करी विषयांचे प्रतिकृतिकार १/३५ हे तिसरेच प्रमाण वापरतात आणि त्यांच्या जगात पिकअप शिरला तो तोफ बसवलेले युद्धवाहन म्हणून: १९८७ मधील चाड आणि लिबिया यांच्यातील संघर्षाचा अखेरचा टप्पा तर चाडच्या सैन्याने वापरलेल्या पिकअपमुळे ‘टोयोटा युद्ध’ याच नावाने ओळखला जातो.

किट आणि खरे वाहन यांच्यातील नाते नेहमीच एका दिशेचे राहिले नाही, याचे ‘डिओरा’ हे उत्तम उदाहरण आहे. डेट्रॉइटच्या माइक व लॅरी अलेक्झांडर या बंधूंनी हॅरी ब्रॅडली यांच्या आराखड्यानुसार डॉज ए-१०० या पिकअपचे रूप इतके पालटले, की केबिनचे नेहमीचे दरवाजेच नाहीसे होऊन चालकाला समोरून आत शिरावे लागे. १९६७ मध्ये या वाहनाने डेट्रॉइटच्या ऑटोरामा प्रदर्शनातील रिडलर पुरस्कार मिळवला. एएमटीने त्याचे किट काढले आणि १९६८ च्या पहिल्या सोळा ‘हॉट व्हील्स’ गाड्यांतही ते आले. त्यामुळे जगात एकच असलेले हे वाहन लाखो घरांत ओळखीचे झाले. तरीही अशा करामती वाहनापेक्षा कारखान्यातून हजारोंनी निघालेला साधा पिकअप बांधणे अधिक अवघड आहे, कारण डिओरामध्ये चूक झाली तर ती कल्पकता म्हणून खपून जाऊ शकते, साध्या पिकअपमध्ये ती चूकच राहते.

चूक म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी आधी पुरावा गोळा करावा लागतो. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ शेव्हर्ले आठ वर्षे सारखाच दिसत राहिला असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जाणकाराला त्याचे साल दुरूनही ओळखता येते. आरंभीच्या वाहनांत इंधनाची टाकी चासीवर असून तिचे तोंड हौद्याच्या उजव्या बाजूला असे. १९४९ मध्ये टाकी केबिनमध्ये आसनामागे उभी बसवली गेली आणि तोंडही केबिनवर आले. दरवाजाच्या काचेपुढची तिकोनी हवेची खिडकी १९५१ मध्ये आली, त्याच वर्षाच्या मध्यास हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या नवावरून आठ झाल्या, १९५२ मध्ये खाली फिरवायच्या दरवाजाच्या मुठी जाऊन बटण दाबायच्या मुठी बसवल्या गेल्या, आणि १९५४ मध्ये पुढची दुभागलेली काच एकसंध व वक्र झाली, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी बदलली, मागचे दिवे चौकोनी होते ते गोल झाले आणि हौद्याच्या बाजूंच्या तिरप्या कडा सपाट झाल्या. याचा अर्थ असा, की १९५० चा पिकअप म्हणून मांडलेल्या प्रतिकृतीच्या दारात तिकोनी खिडकी असेल तर तिच्या मालकाने ती नंतर बसवून घेतली असे तरी मानावे लागते, नाही तर प्रतिकृतिकाराने छायाचित्र पाहिलेच नाही असे. किटच्या पेटीवरील चित्रावर विसंबणे येथे धोक्याचे असते. चित्रकाराचे काम किट विकण्याचे असते.

भाग हाती आल्यावर पहिली गाठ पडते ती साच्याशी. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक वितळवून पोलादी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये मोठ्या दाबाने भरले जाते आणि थंड झाल्यावर आतल्या खिळ्यांनी बाहेर ढकलले जाते. त्यामुळे प्रत्येक भागावर तीन प्रकारच्या खुणा राहतात. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे बारीक उंच रेघ उमटते, खिळे जेथे टेकतात तेथे गोल ठसे पडतात, आणि जेथे प्लास्टिक जाड असते तेथे ते थंड होताना आत ओढले जाऊन खळगा तयार होतो. मोटारीत हे ठसे बहुधा आसनाखाली किंवा छताच्या आत लपतात. पिकअपच्या हौद्यात ते समोरच, आतल्या भिंतींवर आणि फाळक्यावर येतात, जेथे पत्र्याला दाबून काढलेल्या उभ्या-आडव्या नक्षीमुळे काचकागदही नीट चालवता येत नाही. या ठिकाणी खळगे लांबीने, म्हणजे भरावाच्या लेपाने, बुजवून नक्षी पुन्हा कोरण्यापेक्षा पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ती नव्याने उभारणे बहुधा कमी कटकटीचे ठरते.

जोडण्याच्या कामी येणारे द्रव सिमेंट हा रूढ अर्थाने डिंक नव्हे. ते एक द्रावक असून पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवते. दोन्ही भागांतील लांब रेणूसाखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जाते आणि उरतो तो एकजीव सांधा. पाण्यासारखे पातळ सिमेंट कुंचल्याच्या टोकाने सांध्याला नुसते टेकवले, तरी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते फटीत आपोआप शिरते. धातू, राळ किंवा रंग चढलेला पृष्ठभाग यांवर हे रसायन चालत नाही, म्हणून तेथे सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, किंवा दोन घटकांचा इपॉक्सी वापरतात. मात्र सायनोॲक्रिलेटची वाफ काचेसारख्या पारदर्शक भागांवर पांढरट धुके धरते, विशेषतः बोटांचे ठसे राहिलेल्या जागी, म्हणून केबिनच्या काचा लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने बसवण्याचा प्रघात आहे.

आता जाडीचा प्रश्न. त्या काळच्या पिकअपचा पत्रा साधारण एक मिमी जाड असे, म्हणजे १/२५ मध्ये तो ०.०४ मिमी, छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. किटचा भाग मात्र साच्यात प्लास्टिक वाहावे म्हणून एक ते दीड मिमी जाड करावाच लागतो, जो खऱ्या वाहनाच्या हिशेबात अडीच ते पावणेचार सेंटिमीटरचा चिलखती पत्रा होईल. संपूर्ण भाग पातळ करणे अशक्य आणि अनावश्यकही असते, कारण डोळा जाडी ओळखतो ती केवळ कडेवरून. म्हणून मडगार्डची खालची कड, हौद्याच्या बाजूंचा वरचा काठ, फाळक्याचा माथा आणि केबिनच्या खिडक्यांच्या चौकटी एवढेच आतल्या बाजूने कानस किंवा धारदार पात्याने तिरपे तासून धारेसारखे केले जातात. ही उघड फसवणूक आहे आणि तीच योग्य आहे. काही जण हौद्याच्या बाजू व फाळका सरळ पितळी पत्र्याचे करतात, ज्यात आम्लाने कोरून काढलेल्या ०.१ ते ०.२ मिमी जाडीच्या तयार भागांचाही उपयोग होतो. तो पत्राही प्रमाणापेक्षा तिप्पट-चौपट जाडच असतो, पण तेवढी जाडी नजर माफ करते.

नजर काय माफ करते याचेही गणित मांडता येते. प्रतिकृती हातभर अंतरावरून, समजा ३० सेंटिमीटरवरून, पाहिली जाते; पंचवीस पटीने हे अंतर साडेसात मीटर होते. म्हणून १/२५ च्या पिकअपमध्ये काय दाखवावे, या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या खऱ्या पिकअपमध्ये काय दिसते, हे आहे. तेथून दरवाजाची फट दिसते, पावसाच्या पाण्याचे ओघळ दिसतात, वायपर आणि आरसे दिसतात. स्क्रूच्या माथ्यावरची खाच दिसत नाही. ही कसोटी ध्यानात ठेवली, तर स्पर्धांमधून पाहायला मिळणारा तपशिलांचा हव्यास बराचसा अनाठायी वाटू लागतो.

रंगाच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठोर होते. खऱ्या गाडीवरील रंगाची एकूण जाडी सुमारे ०.१ मिमी धरली, तर प्रतिकृतीवर ती चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारांश, असायला हवी, जे कोणत्याही फवाऱ्याला साधत नाही. अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक लेप मिळून पन्नास मायक्रॉन झाले, तरी खऱ्या वाहनात तो सव्वा मिमीचा लेप ठरतो; दरवाजाच्या फटी त्यात भरून जातात आणि बॉनेटवरील अक्षरे बोथट होतात. यावर उपाय म्हणून रंग चढवण्यापूर्वीच फटी थोड्या खोल कोरून घेतात, रंग पातळ करून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेनसारख्या फवारणीयंत्राने, अनेक झिरझिरीत थरांत देतात, आणि शेवटी फटीत काळपट पातळ रंग सोडून सावली निर्माण करतात. लॅकर आणि एनॅमल या दोन प्रकारच्या रंगांचा क्रमही चुकवून चालत नाही: लॅकरवर एनॅमल टिकतो, पण एनॅमलवर लॅकर दिला तर त्यातील जहाल द्रावक खालचा थर उचलून सुरकुत्या पाडते. लाल प्लास्टिकवर फिका रंग देणाऱ्याला आणखी एक शिक्षा मिळते, ती म्हणजे प्लास्टिकमधील रंगद्रव्य वर झिरपून पांढऱ्या केबिनला गुलाबी छटा येणे. हवेत दमटपणा फार असेल तर उडून जाणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरते आणि लॅकर पांढुरका होतो. कोकण, गोवा आणि मुंबईत पावसाळ्यात फवारणीचे काम थांबवणारे प्रतिकृतिकार अंधश्रद्धाळू नसतात.

प्रतिकृतीचा रंग खऱ्या वाहनापेक्षा किंचित फिका ठेवावा, असा एक जुना संकेत आहे आणि त्याचे कारण म्हणून मधल्या हवेचा परिणाम सांगितला जातो. १/७०० प्रमाणाच्या जहाजाला हे काही अंशी लागू पडेल, कारण तेथे ३० सेंटिमीटर म्हणजे २१० मीटर होतात. पण साडेसात मीटरच्या हवेत पिकअपचा रंग विटत नाही. अधिक पटणारे कारण प्रकाशात आहे: खरा पिकअप उघड्या उन्हात पाहिला जातो, जेथील प्रकाश घरातील दिव्याच्या शेकडो पट असतो, आणि तीच गडद हिरवी छटा खोलीत ठेवलेल्या प्रतिकृतीवर काळवंडलेली वाटते. शेव्हर्लेच्या त्या काळच्या ट्रकांचा नेहमीचा ‘फॉरेस्टर ग्रीन’ हा रंग याच कारणाने अनेक प्रतिकृतींवर जवळजवळ काळा दिसतो.

चकाकीबाबत किटच मुळात दिशाभूल करते. बंपर, जाळी, व्हील कॅप हे भाग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ धरवून आरशासारखे चकचकीत केलेले येतात, आणि नवशिक्याला ते जसेच्या तसे लावण्याचा मोह होतो. परंतु कामाच्या पिकअपची जाळी बहुतेक वेळा रंगवलेलीच असे, क्रोम हा जादा पैशाचा पर्याय होता, आणि कोरियन युद्धाच्या काळात धातूंवरील निर्बंधांमुळे तर क्रोमच्या जागी रंग आला. म्हणून हे भाग घरगुती ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, बुडवून त्यांचा मुलामा काढला जातो. या द्रावणात स्वच्छतागृहाचे आम्लयुक्त द्रव चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जेथे चकाकी खरोखर हवी असते, उदाहरणार्थ काचेभोवतीच्या पट्टीवर, तेथे मागून चिकट असलेली अतिपातळ धातूची वर्खासारखी पन्नी चढवून नव्या पात्याने कापली जाते.

हौदा हा या छंदातील खरा कसोटीचा प्रांत आहे. तळाला पाइनच्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर लांबच लांब पोलादी पट्ट्या अशी त्याची रचना असते. पट्ट्यांमुळे माल सरकवणे सोपे जाते आणि फळ्यांना मार लागत नाही. लाकूड दाखवायचे तर लाकूडच वापरावे, हा विचार सरळ वाटतो, पण तो फसतो, कारण फळीची जाडी आणि रुंदी पंचविसाने भागता आली तरी तिच्या तंतूंची आणि छिद्रांची जाडी तेवढीच राहते, आणि खऱ्या लाकडाची पट्टी १/२५ मध्ये खडबडीत ओंडक्यासारखी दिसते. म्हणून प्लास्टिकच्या पट्टीवर करवतीचे पाते किंवा जाड काचकागद एकाच दिशेने ओढून सूक्ष्म रेघा काढतात, त्यावर फिकट तपकिरी रंग देतात आणि प्रत्येक फळीची छटा थोडी वेगळी ठेवून वरून पातळ काळसर तैलरंग पुसतात. असे हे प्लास्टिक लाकडापेक्षा अधिक लाकडी दिसते. वॉर्निशने झळकणाऱ्या गुळगुळीत फळ्या ही बहुतांशी नंतरच्या हौशी मालकांची आवड आहे. कारखान्यात फळ्यांना रंग दिलेला असे, आणि तो झिजल्यावर उन्हाने लाकडातील लिग्निन हे बांधून ठेवणारे द्रव्य विघटित होऊन पावसात वाहून जाई, त्यामुळे उरलेले तंतू राखाडी पडत. वापरलेल्या हौद्याची फळी म्हणून तपकिरी नसते, राखाडी असते. पोलादी पट्ट्या मात्र मध्यभागी घासून उजळतात आणि कडेला गंजतात.

झीज, गंज आणि मळ दाखवण्याच्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात आणि त्याची बरीचशी तंत्रे रणगाड्यांच्या प्रतिकृतिकारांकडून मोटारींकडे आली. त्यांपैकी केसांच्या स्प्रेचे तंत्र सर्वांत उपयुक्त आहे: भागाला आधी गंजाचा रंग देऊन तो पारदर्शक लेपाने पक्का करतात, त्यावर केसांना लावायचा स्प्रे मारतात, मग गाडीचा रंग ॲक्रिलिकमध्ये देतात, आणि थोड्या वेळाने ओल्या कुंचल्याने घासतात; स्प्रे पाण्यात विरघळल्यामुळे वरचा रंग खपल्यांनी निघतो आणि खालचा गंज उघडा पडतो. तंत्र सोपे आहे, विवेक अवघड आहे. गंज सर्वत्र सारखा येत नाही. पाणी आणि चिखल जेथे अडकून राहतात तेथे तो येतो, म्हणजे केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाजाखालची पट्टी, मडगार्डचा आतला ओठ आणि फाळक्याचा तळ. शिवाय तो प्रदेशानुसार बदलतो: मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, म्हणून तेथील पिकअप खालून वर सडत जातो, तर ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा शाबूत राहून छतावरचा आणि बॉनेटवरचा रंग उन्हाने खडूसारखा भुरभुरीत होतो. छत फिकटलेले, पायऱ्या सडलेल्या, चाकांवर लाल माती आणि हौद्यात गवत, असे सगळे एकाच प्रतिकृतीत भरणारा प्रतिकृतिकार एका वाहनाला चार राज्यांचे आयुष्य देतो. मातीसुद्धा चाळणीतून गेलेली चालत नाही, कारण ०.१ मिमीचा कण प्रमाणात अडीच मिमीची खडी होतो. म्हणून प्रत्यक्ष मातीऐवजी रंगद्रव्याची भुकटी वापरतात.

इंजिनाच्या बाबतीत थोडक्यात एवढेच सांगता येईल, की ठिणगीच्या तारा बसवणे ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फलदायी सुधारणा आहे. खऱ्या सात मिमीच्या तारेसाठी सुमारे ०.२८ मिमीची तार लागते, आणि शेव्हर्लेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असल्यामुळे तारा त्या क्रमानेच वितरकाच्या टोपीवरून निघाल्या पाहिजेत. बाकीचे तपशील बॉनेट बंद झाले की संपतात.

वजनाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वस्तू पंचवीस पटीने लहान केली की तिचे वजन पंचविसाच्या घनाने, म्हणजे १५,६२५ पटीने, घटते; सुमारे १,४५० किलोच्या पिकअपची प्रतिकृती त्यामुळे ९३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, आणि गंमत अशी, की प्लास्टिकचे किट या आकड्यापासून फार दूर नसते. अडचण वजनाची नसून त्याच्या परिणामांची आहे. किटमधील पाटे, म्हणजे आसाला तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, घट्ट प्लास्टिकचे असतात आणि कोणत्याही भाराने वाकत नाहीत. खरा रिकामा पिकअप मागून किंचित उंच उभा असतो, कारण त्याचे मागचे पाटे ओझ्यासाठी बांधलेले असतात, आणि हौद्यात माल चढला की तोच मागे दबतो व नाक वर करतो. सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला पण आडव्या रेषेत ताठ उभा असलेला पिकअप कितीही सुरेख रंगवला तरी तो खोटा वाटतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही. म्हणून रंगकामापूर्वीच भार ठरवून पाट्यांची कमान कापून सपाट करावी लागते आणि टायरचा तळ काचकागदावर थोडा घासून चपटा करावा लागतो. हे करताना चारही चाके जमिनीला टेकतील याची खात्री करणे आवश्यक असते. स्पर्धांतील परीक्षकही आधी अधांतरी राहिलेले चाक, तिरके बसलेले दिवे आणि न मिटलेले सांधे पाहतात, बारकाव्यांची पाळी नंतर येते.

टायरबाबत जुन्या किटच्या संग्राहकांना एक वेगळाच अनुभव येतो. मऊ व्हिनाइलच्या टायरमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेले द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते आणि संपर्कातील पॉलिस्टायरीन विरघळवते, त्यामुळे पेटीत पडून राहिलेल्या संचातील चाके किंवा काचा टायरच्या आकारात वितळलेल्या सापडतात. टायर वेगळ्या पिशवीत ठेवणे आणि बसवताना चाकाच्या कडेला अडसर म्हणून पन्नीचा थर देणे, एवढ्याने हे टळते.

महाराष्ट्रात घडलेल्या पिकअपांची, उदाहरणार्थ टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून १९८८ मध्ये बाहेर पडलेल्या टाटामोबाइलची किंवा रस्तोरस्ती दिसणाऱ्या बोलेरो पिकअपची, प्लास्टिकची किट बाजारात सहज आढळत नाहीत, त्यामुळे येथील प्रतिकृतिकाराला पॉलिस्टायरीनच्या कोऱ्या पट्ट्या आणि पत्रे कापून सारे उभे करावे लागते किंवा संगणकावर आराखडा करून राळेचे भाग त्रिमितीय छपाईने काढावे लागतात. मापे घेण्याची एक सोपी युक्ती टायरवर छापलेल्या आकड्यात असते: त्यावरून रिमचा व्यास कळतो, १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी, आणि दूर उभे राहून झूमने घेतलेल्या काटकोनी छायाचित्रात हा व्यास मोजपट्टी म्हणून धरला की बाकीची मापे काढता येतात, जवळून घेतलेले छायाचित्र मात्र नाक फुगवते आणि सगळा हिशेब बिघडवते. पुराव्याचा नियम येथेही तोच राहतो, कारण रत्नागिरीच्या बंदरावर मासळी वाहणाऱ्या वाहनाचा हौदा खाऱ्या पाण्याने ज्या रीतीने खंगतो, तसा तो जालन्याच्या बाजारसमितीत धान्य वाहणाऱ्याचा खंगत नाही. हौद्यावर वाढवलेली लोखंडी जाळी, दोर अडकवण्याचे आकडे आणि ताडपत्रीच्या घड्या तार व पातळ कागद यांतून साधतात. फाळक्यावरच्या पेंटरच्या हातच्या अक्षरांना मात्र अधिक विचार लागतो: दहा सेंटिमीटरचे अक्षर चार मिमीचे होते, आणि घरगुती छपाईयंत्रात पांढरी शाई नसल्यामुळे गडद पत्र्यावरची पिवळी किंवा पांढरी अक्षरे पारदर्शक चिकटपटावर छापता येत नाहीत. ती पांढऱ्या पार्श्वभूमीच्या पटावर फाळक्याच्या रंगासकट छापून घ्यावी लागतात, किंवा दोन-तीन केसांच्या कुंचल्याने हातानेच काढावी लागतात. हाताने काढलेल्या अक्षरांचा थोडा डगमगता बाक मूळ पेंटरच्या वळणाशी अधिक जुळतो.